उंच गाडीवाले भाऊ

जुन्या यंत्रांच्या धंद्यात मला ओळखणारी माणसं एक गोष्ट नक्की सांगतील. मी भाव करायला बसलो की समोरचा खाली येतो. पटून येतो, नाहीतर कंटाळून येतो, पण येतो. वडिलांकडून मला तापट डोकं तेवढं मिळालं. बाकी जे आहे, नागपूरच्या सदर भागातलं ऑफिस, यंत्रं ठेवायचं यार्ड, राहतं घर, ते सगळं मी घासाघीस करून उभं केलं. एक वस्तू मात्र मिळाली नाही. माझा माल ओढून नेणाऱ्या भाऊंची गाडी. भाऊंनी ती मला विकली नाही आणि त्याचा राग मला आजही आहे. भाऊ गेले, गाडी गेली, माझे गुडघेही गेले. राग शाबूत आहे. 'भाऊंवर लिहून राहिलो, पण कौतुक करायले नाही,' असं मी घरात आधीच सांगून ठेवलं. सूनबाई हसली. हसू द्या.

गाडी लष्करातली होती. जीपपेक्षा मोठी, ट्रकपेक्षा लहान, चारही चाकांना इंजिनाचा जोर. पुढे दोघांना बसायला जागा, मागे उघडा हौदा. तशा गाड्या तेव्हा नागपुरात आणखीही होत्या, पण भाऊंची वेगळी, कारण भाऊंनी ती उंच केली होती. कमानींत जास्तीचे पाटे घातले, खाली ठोकळे बसवले, मोडीत निघालेल्या एका ट्रकची मोठी चाकं चढवली. गाडी अशी वर गेली की महाल भागातल्या त्यांच्या गल्लीत लोकांनी वाळत घातलेली लुगडी तिच्या टपाला पुसत जायची. आत चढायला घरातलं स्टूल आणावं लागे. गल्लीतले लोक तिला उंट म्हणत. "भाऊ, एवढी उंच काहून केली?" असं कोणी विचारलं की भाऊ म्हणत, "पावसात नाले भरते. नाला काही मले पाहून खाली बसत नाही."

हे खरं होतं. उमरेडच्या बाजूला मुख्य रस्ता सोडून आत वळलं की काळी माती. पावसाळ्यात ट्रक पोटापर्यंत रुतायचे. भाऊ या गाडीला मागे ट्रेलर जोडायचे आणि त्यावर घालाल ते ओढून न्यायचे: बंद पडलेल्या जिनिंगचं कापूस दाबायचं प्रेस, राईस मिलचं बॉयलर, कोळशाच्या खाणीतले पंप, एकदा तर एका देवळाची भलीमोठी घंटा. मी यंत्रं विकायचो, पण विकलेलं यंत्र गिऱ्हाइकाच्या दारात उतरल्याशिवाय सौदा पुरा होत नसे. म्हणजे माझा सगळा धंदा या एका माणसाच्या हुकाला अडकलेला. ती गाडी माझी झाली असती तर मला कोणाच्या तोंडाकडे पाहावं लागलं नसतं. म्हणून ती मला हवी होती. दुसरं काही नाही.

आणि खरं म्हणजे ती माझीच व्हायची होती. कामठीला लष्कराच्या जुन्या सामानाचा लिलाव होता. मी तेव्हा नुकताच ट्रक चालवणं सोडून स्वतःच्या पायावर उभा राहत होतो. लिलावात उभं राहणं ही एक कला आहे. मी बोट वर करायचो, थांबायचो, जांभई द्यायचो, निघून जायचं सोंग करायचो, मग फाटकापासून परत यायचो. पलीकडे एक गृहस्थ उभे होते. धोतर, काळी टोपी, काखेत छत्री. त्यांनी एकदा हात वर केला आणि मग तो खाली घेतलाच नाही. बोली माझ्याकडून त्यांच्याकडे जायची, परत माझ्याकडे यायची, हात वरच. पुकारणाऱ्याकडे त्यांचं लक्षही नव्हतं. गाडीच्या मागच्या हुकाकडे ते असे बघत होते की जणू घरात कोणी जन्माला आलंय. मला वाटलं, येडा आहे, हात दुखला की खाली घेईल. शेवटी मीच थांबलो. त्यांचा हात खाली आला तो गाडीच्या बोनेटवर ठेवायला.

मला राहवलं नाही. मी जाऊन म्हणालो, "भाऊ, लिलाव असा करते का?"

"कसा करते मंग?"

"थांबा लागते. दुसऱ्याले वाटलं पाहिजे का आपल्याले नको आहे."

"पण मले तं पाहिजे होती नं गा," ते म्हणाले. खरंच काही न कळल्यासारखे. त्या दिवशी जो राग आला तो आजतागायत.

पुढे समजलं की हा माणूस महालातल्या एका जुन्या कापडदुकानातला थोरला मुलगा. दुकान चांगलं चालणारं, पण यांना भाव करणं सहन व्हायचं नाही. गिऱ्हाईक 'थोडं कमी करा' म्हणालं की यांचा चेहरा पडायचा, कोणी घरच्या माणसाला बोलल्यासारखा. एकदा एक बाई लुगड्याच्या भावावरून अडून बसली तेव्हा यांनी ते लुगडं घडी करून तिच्या पिशवीत घातलं आणि म्हणाले, "न्या वं बाई, पण बोलू नका." धाकट्या भावांनी हात जोडून त्यांना गादीवरून उठवलं, वाटणी करून दिली. त्या वाटणीची ही गाडी झाली. साड्यांच्या दुकानातून उठलेला माणूस बॉयलर ओढायला लागला, याचं महालात बरेच दिवस हसू झालं. भाऊंना त्याचं काही नव्हतं. "बॉयलर बोलत नाही," ते म्हणायचे.

भाडं ते एकदाच सांगायचे. मी सवयीप्रमाणे कमी सांगितलं की ते रागावत नसत, समजावत नसत. काखेतली छत्री नीट करून घराकडे चालू लागत. मग मला मागे धावत जाऊन त्यांचाच आकडा त्यांना परत सांगावा लागे. माझ्या उभ्या आयुष्यात मी दुसऱ्या कोणाच्या मागे धावलेलो नाही.

वहिनींचं सांगितलं नाही तर भाऊ अर्धेच राहतील. भाऊ गाडी चालवायचे आणि वहिनी मागच्या हौद्यात, ट्रेलरकडे तोंड करून बसायच्या. तिथे एक लाकडी खुर्ची दोरांनी घट्ट बांधलेली होती. डोक्यावरून पदर, त्यावर ऊन असेल तर टॉवेल, गळ्यात कबड्डीच्या पंचाची असते तशी शिट्टी. ट्रेलर डोलायला लागला की वहिनी शिट्टी मारणार. बारीक शिट्टी म्हणजे हळू करा, लांब शिट्टी म्हणजे थांबा. आरशात दिसत नाही का, असं मी विचारलं होतं. "आरशात पाहुणीचं फक्त तोंड दिसते," भाऊ म्हणाले. ट्रेलरला ते पाहुणी म्हणत. पाहुणी आली का, पाहुणी बसली का, पाहुणीले काय झालं पाह्य. गाडीला मात्र त्यांनी काही नाव दिलं नव्हतं. "गाडी आपल्या घरची आहे. ती ऐकते. पाहुणी ऐकत नाही, तिचं आपल्याले ऐका लागते."

रस्त्यानं लोक हसायचे. खेड्यांत बाया दारात येऊन वहिनींना हात करायच्या आणि वहिनी ट्रेलरवरची नजर न काढता नुसता हात हलवायच्या. त्यांना मूलबाळ नव्हतं. दोघं मिळून हे एवढं करायचे आणि संध्याकाळी घरी परत आल्यावर भाऊ आधी वहिनींना स्टुलावरून उतरवून घ्यायचे, हात धरून, अगदी सावकाश. सगळ्या गल्लीसमोर. त्या काळात आमच्याकडे बायकोचा हात धरून चारचौघांत कोणी चालत नसे.

माल चढवणं हा माझ्या डोक्याला ताप. प्रेस ट्रेलरवर चढलं, साखळ्या आवळल्या, हमालांनी बिड्या पेटवल्या, आता निघायचं. तेवढ्यात भाऊ पुढे यायचे. ट्रेलरची दांडी जिथं हुकाला अडकते तिथं स्वतः उभे राहायचे. हलके उडी मारल्यासारखं करायचे. मग म्हणायचे, "नाक हलकं आहे. समोर सरकवा."

"भाऊ, हातभर सरकवायले अख्खं प्रेस मोकळं करा लागन!"

"करा."

"दुपार होऊन राहिली!"

"मंग जेवून करा."

त्यांचं म्हणणं असं: गाडी उंच केली की हुकही उंच होतो. उंच हुकाला ट्रेलर जोडला की त्याचं नाक वर उचललं जातं, वजन शेपटीकडे पळतं आणि शेपटी जड झालेला ट्रेलर चालताना शेपटी मारतो. म्हणून त्यांनी हुकाखाली लोंबणारी एक जाड लोखंडी पट्टी लोहाराकडून करून घेतली होती. त्यामुळे गाडी उंच आणि हुक खाली. दुसऱ्या काहींनी त्यांचं पाहून आपापल्या गाड्या उंच केल्या, पट्टी मात्र केली नाही, आणि त्यांच्या ट्रेलरांनी रस्त्यात लोळण घेतली. हे मला माहीत होतं. तरी माझी दुपार वाया जायची ती जायचीच. मी ओरडायचो, हमालांना शिव्या द्यायचो. भाऊ ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "झालं? आता समोर सरकवा."

मी गाडी मागायला जायचो तो दसऱ्याला. त्या दिवशी भाऊ गाडी धुऊन तिला झेंडूची माळ घालायचे. उंचावर घालायची म्हणून तेही स्टुलावर उभे राहून. मी आपट्याची पानं द्यायचो, पाया पडायचो आणि विचारायचो.

"भाऊ, यंदा काय म्हणता?"

"कशाचं?"

"गाडीचं."

"गाडी चांगली आहे. तुझं कसं आहे?"

"तुम्ही आकडा सांगा. मी कमी नाही करत."

"तू कमी नाही करत?" भाऊ वहिनींकडे वळून म्हणायचे, "ऐकून राहिली का वं? याले ताप आला वाटते." आणि दोघं हसायचे.

मी उठून चालता व्हायचो. पुरणपोळीचं ताट तसंच राहायचं. मी सदरला पोचतो न पोचतो तोच त्यांच्या गल्लीतला कोणीतरी सायकलवर डबा घेऊन यायचा. डब्यात पुरणपोळी, वर तुपाची वाटी. दर वर्षी मी ठरवायचो की डबा परत पाठवायचा. पुरणपोळी चांगली असायची, हा माझा दोष नव्हे.

एका वर्षी मात्र मला वाटलं की गाडी मिळाली. त्या प्रवासाचं सविस्तर सांगायला हवं.

उमरेडच्या पुढे एका राईस मिलला मी ऑइल इंजिन आणि कोंड्याचं तेल काढायचं जुनं प्रेस विकलं होतं. पावसाळा संपला होता, पण नाल्यांना पाणी होतं. नेहमीसारखे आम्ही तिघं निघालो: भाऊ चाकावर, मी शेजारी, वहिनी मागे. शहर सुटल्यावर भाऊंनी गाडी बाजूला घेतली आणि डोळे चोळत म्हणाले, "ऊन डोळ्यात टोचून राहिलं गा. तू चालव."

मी हरखलो. त्या गाडीचं चाक माझ्या हातात पहिल्यांदाच आलं. एवढ्या उंचावरून रस्ता वेगळाच दिसतो. बैलगाड्या, सायकली, शेतातली माणसं, सगळं आपल्या खाली. मी चांगली चालवली. भाऊंनी एकदाही टोकलं नाही. मध्ये एका टपरीशी चहाला थांबलो. वहिनी जवळच्या घरी पाणी प्यायला गेल्या, आम्ही दोघं गाडीकडे पाठ करून बाकावर चहा प्यालो. भाऊ तोंडावर पाणी मारून डोळे मिटून बसले होते. वहिनी आल्या, मागे चढल्या, आम्ही पुढे चढलो, निघालो.

थोडं पुढे नाल्याचा लांब उतार आहे. गाडी उताराला लागली आणि माझ्या हातातलं चाक ऐकेनासं झालं. जणू मागची चाकं जमिनीला धड टेकतच नव्हती. मागून कोणीतरी आपल्याला डावीकडे ओढतंय, मग उजवीकडे. वहिनींची बारीक शिट्टी. मग पुन्हा. मग लांब, न थांबणारी. माझा पाय ब्रेककडे गेला.

"पाय काढ," भाऊ म्हणाले. हळू आवाजात, देवघरात बोलतात तसं. "ब्रेक नको. चाक सरळ धर. काही करू नको."

मला आयुष्यात कोणी 'काही करू नको' असं सांगितलं नव्हतं. समोर नाला, मागे राक्षसासारखं प्रेस डावी-उजवीकडे झोके घेतंय, शिट्टी वाजतेय, आणि मी काही करायचं नाही. मी नाही केलं. चाक घट्ट धरून बसलो. उतार संपला, सपाटी आली, झोके लहान होत गेले आणि ट्रेलर पुन्हा सरळ मागे आला. नाल्याच्या काठाशी गाडी आपसूक थांबली. माझा सदरा पाठीला चिकटला होता.

उतरून मागे गेलो तर ट्रेलरच्या अगदी शेपटीवर ढेपेची, गुरांच्या पेंडीची, पोती. सरकीची, जड, नीट रचलेली. आमची नव्हेत. वहिनी खुर्चीला धरून बसलेल्या, चेहरा पांढराफटक.

"ही पोती कोणाची, वहिनी?"

"थो माणूस बसला होता नं त्याच्यावर. टपरीपासून. आता उडी मारली त्यानं."

"अन् तुम्ही बसू दिलं?"

"मले वाटलं तुम्हीच सौदा केला, भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "भाडं ठरवून घेतलं असन म्हटलं. तुमचं असते नं काही ना काही."

तेवढ्यात तो माणूस बाभळीच्या झुडपातून धोतर सोडवत, ओरडत आला. "गाडी कशी चालवून राहिले बे? माझी ढेप सांडली असती नं!" त्या बाजूला कोणतीही जाणारी गाडी म्हणजे गावाची गाडी, कोणाला विचारायची पद्धत नाही. आपली पोती ठेवायची, वर बसायचं, गाव आलं की रामराम करून उतरायचं. त्याचं काही चुकलं असं त्याला वाटतच नव्हतं. मी त्याच्या अंगावर धावलो. भाऊंनी मला कमरेला धरलं. मग त्यांनी त्या माणसाला पाणी दिलं, झुडपाचे काटे काढायला लावले, आणि आम्हा सगळ्यांना पोती शेपटीवरून नाकाकडे आणायला लावली. त्याला त्याच्या गावाशी पोत्यांसकट उतरवून दिलं. भाडं अर्थातच घेतलं नाही.

राईस मिलवर इंजिन उतरलं, प्रेस उतरलं, एक ओरखडा नाही. मालक खूश. मी भाऊंना बाजूला घेतलं.

"भाऊ, आता तं पाहिलं तुम्ही. अशी वेळ आली अन् मी डोकं शांत ठेवलं. आता विका."

"चालवता तुले येते," भाऊ म्हणाले. "माझ्यापेक्षा चांगली चालवतो. मान्य."

"मंग?"

"चहा पिऊन उठला, सरळ चाकावर जाऊन बसला. मागे चक्कर मारून नाही आला."

"मागं वहिनी होती नं!"

"म्हणून तं जायचं," भाऊ म्हणाले. "हुक तुटला, साखळी तुटली, तं पाहुणी कोणावर येते? माझ्यावर नाही येत. तुझ्यावर नाही येत."

मी वहिनींकडे पाहिलं. त्या मिलच्या पायरीवर बसून कोणाच्या तरी लहान मुलीला ती शिट्टी वाजवायला देत होत्या.

"मी गाडी घेतली तं तिथं कोणालेच नाही बसवणार," मी म्हणालो. "मोठा आरसा लावीन."

भाऊ हसले. खांद्यावर हात ठेवला. "म्हणून नाही विकत," ते म्हणाले.

हे काय उत्तर झालं? मी आजही विचारतो. पोती मी ठेवली नव्हती. त्या माणसाला मी बसवलं नव्हतं. मागचं बघायचं काम ज्यांचं होतं त्यांनी बघितलं नाही, आणि गाडी मला मिळाली नाही! कोणत्याही बाजारात कोणासमोरही हा हिशेब मांडा, माझीच बाजू खरी ठरेल.

गाडीचं पुढे काय झालं तेही सांगून मोकळा होतो. भाऊ गेल्यावरही वहिनींनी ती काही वर्षं चालवली. हो, वहिनींनी, त्याचं सांगतोच. मग मोठे ट्रक आले, क्रेन आल्या, रस्ते झाले, ट्रेलर ओढायचं काम राहिलं नाही. वहिनींनी गाडी आपल्या बहिणीच्या मुलाला देऊन टाकली. मला विचारलंसुद्धा नाही. मी जाऊन भांडलो. "वहिनी, तुम्ही तरी मले द्यायची होती."

"तुम्ही भाव केला असता, भाऊजी."

"नसता केला!"

"केला असता. अन् मले तुमच्यासंग भाव करायची लाज वाटली असती." असं म्हणून त्यांनी माझ्यापुढे चहा ठेवला. मी प्यालो. काय करणार?

तर वहिनी गाडी चालवायला कशा लागल्या, ते.

भाऊंच्या डोळ्यांतलं ते टोचणं उन्हाचं नव्हतं. धंतोलीतल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी भाऊंना सांगितलं की नजर आता जात जाणार, गेलेली परत येणार नाही, गाडी आजपासून बंद. बातमी फुटायला वेळ लागला नाही. गाडी घ्यायला माणसं महालात येऊ लागली. मी सगळ्यांच्या आधी पोचलो. त्या दिवशी मी खरंच भाव करणार नव्हतो. भाऊ म्हणतील तो आकडा. घरून निघताना बायकोलाही तसं सांगितलं होतं.

भाऊ गाडीजवळच उभे होते. हुकावरून हात फिरवत होते.

"भाऊ, आता तरी."

"विकायची नाही," ते म्हणाले. "पण तुझ्याकडे काम आहे. हिले शिकव."

"कोणाले?"

"तुझ्या वहिनीले. पाहुणीचं तिले सगळं समजते. इतकी वर्षं तिच्या तोंडासमोर बसली. फक्त समोरचं शिका लागन."

मला काय वाटलं ते लिहिण्यासारखं नाही. गाडी मागायला गेलेला माणूस ड्रायव्हिंगचा मास्तर होऊन परत आला, आणि तेही फुकट. मी तणतणत वहिनींना कस्तुरचंद पार्कच्या मोकळ्या मैदानावर घेऊन गेलो. भाऊ कडेला, छत्री उघडून, गवतावर बसलेले. मी शिकवताना ओरडतो. मला दुसरं शिकवता येत नाही. "क्लच सोडा! हळू! हळू म्हणजे काय समजते का?" वहिनी हसायच्या. त्या हसल्या की गाडी बंद पडायची. मैदानातले लोक गोळा व्हायचे, डोक्यावर पदर घेतलेली बाई त्या उंटावर बसून गोल फिरतेय हे बघायला. पण ट्रेलर जोडल्यावर वहिनी बदलल्या. हसणं बंद, मी ओरडायचंही बंद केलं. मागचं वजन कुठं आहे, कधी ढकलतंय, कधी ओढतंय, हे त्यांच्या पाठीला आधीच कळायचं. वळणावर मी सांगायच्या आधीच त्या पाय काढायच्या. एकदा मागे वळून न पाहता म्हणाल्या, "डाव्या चाकात हवा कमी आहे, भाऊजी." उतरून पाहिलं तर होती. भाऊ गवतावरून ओरडले, "काय म्हणते ती?" मी सांगितल्यावर ते छत्री मिटून उगाच हसत बसले.

पहिला फेरा माझ्याच मालाचा होता. खाणीतला पंप, उमरेडलाच. सकाळी गाडी यार्डात आली. हमालांनी माल चढवला. भाऊ दांडीवर उभे राहिले, म्हणाले, "समोर सरकवा." सरकवला. वहिनी चाकावर बसल्या. भाऊंना शेजारची जागा, हे ठरलंच होतं.

"मागं कोण बसन?" मी विचारलं.

"तू," भाऊ म्हणाले.

"मी?"

"तुझे डोळे चांगले आहे. भाव करताना समोरच्याच्या तोंडावरचं सगळं दिसते तुले. अन् शिट्टीची गरज नाही, तुझा गळा पुरते."

हमाल हसले. मी त्यांना एक शिवी दिली आणि चढलो. खुर्चीला धरून उलटा बसलो. तिथून पंप किती मोठा दिसतो हे मला तोवर माहीत नव्हतं. लोखंडाचा तो डोंगर थेट माझ्या छातीसमोर, आणि मध्ये फक्त एक हुक आणि एक खीळ. या खुर्चीत कोण कसं बसत असेल, आणि ते बसलेलं असताना पुढचा माणूस कसा चालवत असेल, याचा मी कधी विचार केला नव्हता. करायचं कारणही नव्हतं, गाडी माझी नव्हती.

वहिनींनी इंजिन सुरू केलं. पण गाडी हलेना. पुढचं दार उघडल्याचा आवाज आला. भाऊ उतरले होते. गाडीच्या अंगावर हात ठेवत, चाचपत, ते सावकाश मागे येत होते. चाक, मडगार्ड, हौद्याची कड. हुकापाशी वाकले. खीळ बोटांनी चाचपली, साखळी ओढून पाहिली, पुन्हा ओढून पाहिली. मग वर हात केला. तो माझ्या गुडघ्याला लागला. तिथंच थांबला.

"नीट बसला का?"

"बसलो, भाऊ."

"धरून बस."

ते तसेच चाचपत पुढे गेले. दार लागलं. गाडी निघाली. यार्डाचं फाटक मागे पडलं, सदरची दुकानं मागे पडली, आणि तो पंप गुणी मुलीसारखा सरळ माझ्यामागून, म्हणजे माझ्यासमोरून, येत राहिला. शहर सुटलं.

"भाऊ!" मी ओरडलो. "आता तरी विका!"

वाऱ्यातून उत्तर आलं. दोघांचं हसणंही आलं असावं, नक्की सांगता येत नाही, माझी पाठ होती तिकडे.

"मागं पाह्य बे!"

मी पाहिलं.